आठ बाइटांचा रविवार

२००३ सालची गोष्ट. पुण्यातल्या सात-आठ जणांच्या एका छोट्या कंपनीत मी सर्व्हर सांभाळायचो. औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याची ऑर्डर घेण्याची यंत्रणा आमच्याकडे होती. गावोगावचे केमिस्ट तिच्यावर मागणी नोंदवत. ऑर्डरचा भाग पर्ल या भाषेत, रिपोर्ट पीएचपी या भाषेत, आणि दोन्ही मॉड्यूल, म्हणजे जोडायचे सुटे भाग म्हणून अपाची १.३ या वेब सर्व्हरच्या पोटात. जुनं मशीन थकलं होतं, तेव्हा रविवारी सगळं नव्यावर हलवायचं ठरलं. अपाची २ आलेलं होतं, पण त्याच्यासाठीचं मॉड-पर्ल, म्हणजे पर्ल चालवणारं मॉड्यूल, अजून १.९९ वरच रेंगाळत होतं. म्हणून अपाची १.३.२७ च कंपाइल कर, म्हणजे मूळ सोर्सवरून तयार कर, असं सरांनी सांगितलं.

सकाळी मी थोडा आळस केला. पीएचपीची मॉड्यूल फाइल जुन्या मशीनवरून जशीच्या तशी उचलून आणली. नव्या मशीनवर एसएसएल, म्हणजे सुरक्षित कनेक्शन, हवं होतं. १.३ वर मॉड-एसएसएल बसवायचं तर अपाचीच्या सोर्सलाच पॅच मारावा लागे आणि त्याच्याबरोबर ईएपीआय नावाचा वाढीव एपीआय, म्हणजे मॉड्यूलांशी बोलण्याचा ठराव, येई. सर्व्हर सुरू करताच लॉगमध्ये ताकीद आली : हे मॉड्यूल साध्या १.३ एपीआयचं आहे, ईएपीआयखाली कोसळू शकतं, कृपया पुन्हा कंपाइल करा.

अपाचीला हे कळतं कसं, तर प्रत्येक मॉड्यूलमध्ये चार बाइटांची खूण असते. साध्या मॉड्यूलमध्ये हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात, ४१५०३१३३. अक्षरांत वाचलं तर ‘एपी१३’. ईएपीआयवाल्यात ४५४१५०४९, म्हणजे सरळ ‘ईएपीआय’. शिवाय तारखेसारखा दिसणारा १९९९०३२० हा मॅजिक नंबरही जुळावा लागतो. मी निमूटपणे पीएचपी पुन्हा कंपाइल केलं आणि ताकीद गेली. दाराशी इतका चोख पहारा आहे म्हटल्यावर मी निर्धास्त झालो.

मग मॉड-पर्ल १.२७ कंपाइल केलं. नव्या लिनक्सबरोबर पर्ल ५.८.० आलेलाच होता, तोच वापरला. खूण बरोबर, नंबर बरोबर, कॉन्फिग तपासलं तर ‘सिंटॅक्स ओके’. सर्व्हर सुरू झाला. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला आणि काहीच आलं नाही. एरर पेजसुद्धा नाही. टेलनेटने पोर्ट ८० वर जाऊन हाताने ‘गेट’ ही पान मागण्याची आज्ञा लिहिली, तर पलीकडून कनेक्शन पटकन बंद. अॅक्सेस लॉग कोरा. एरर लॉगमध्ये मात्र एकाखाली एक तीच ओळ : चाइल्ड प्रोसेस सेगमेंटेशन फॉल्टने, म्हणजे मेमरीत नको तिथे हात घातल्याने, मेली, सिग्नल ११. साधं एचटीएमएल पान मागितलं तरी तेच. कॉन्फिगमधली मॉड-पर्लची ओळ कॉमेंट करून बंद केली की सगळं सुरळीत.

दुपारी सरांचा फोन आला. ‘‘झालं का रे?’’

‘‘सर, सिंटॅक्स ओके येतंय.’’ दुसरं काय सांगणार? उद्या सकाळी नऊपासून ऑर्डर येणार होत्या.

रॅमवर संशय घेण्यात दोन तास घालवले, ते सोडून देतो. संध्याकाळी अपाची आणि मॉड-पर्ल दोन्ही डीबग माहितीसह पुन्हा कंपाइल केले आणि सर्व्हर जीडीबी या चुका शोधण्याच्या प्रोग्रामखाली एकाच प्रोसेसमध्ये चालवला. प्रत्येक मागणीसाठी अपाची रिक्वेस्ट रेकॉर्ड नावाचं एक स्ट्रक्चर, म्हणजे मेमरीतला ठरलेल्या खान्यांचा तक्ता, भरतं आणि त्याचा पत्ता मॉड्यूलकडे देतं. क्रॅश झाला त्या जागी, म्हणजे मॉड-पर्लच्या फ्रेममध्ये (त्याच्या चालू फंक्शनच्या नजरेतून), ते स्ट्रक्चर छापून पाहिलं. यूआरआय, म्हणजे मागितलेल्या पानाचा पत्ता, बरोबर, फाइलचं नाव बरोबर. डिरेक्टरीच्या कॉन्फिगचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, मात्र भलताच. मग एक फ्रेम वर चढून अपाचीच्या बाजूने तेच स्ट्रक्चर, त्याच पत्त्यावरचं, पुन्हा छापलं. पॉइंटर अगदी ठीक!

मी दोनदा, तीनदा वर-खाली केलं. मेमरी तीच, फक्त वाचणारा बदलला की मजकूर बदलत होता. चांगल्या आणि बिघडलेल्या खान्यांच्या मध्ये फाइलची माहिती साठवणारं स्टॅट स्ट्रक्चर होतं. त्याचा आकार विचारला. अपाचीच्या फ्रेममध्ये ८८ बाइट, मॉड-पर्लच्या फ्रेममध्ये ९६.

चाळीच्या दोन नकाशांतली गत. एका नकाशात चौथी खोली दोन हात जास्त लांब दाखवलेली. पहिल्या तीन खोल्यांपर्यंत कोणाचंच काही अडत नाही. पाचव्या खोलीचं दार ठोठावायला गेलेला माणूस भिंतीवर आपटतो.

आता कारण शोधायला वेळ लागला नाही. पर्ल ५.६ पासून दोन जीबीपेक्षा मोठ्या फाइलींचा आधार आपोआप चालू असतो. ३२ बिटांच्या लिनक्सवर तो चालू झाला की फाइल ऑफसेट, म्हणजे फाइलमधली जागा सांगणारा आकडा, ६४ बिटांचा होतो आणि स्टॅट फुगतं. मॉड-पर्ल कंपाइल होताना पर्लचेच फ्लॅग, म्हणजे कंपाइल करतानाचे पर्याय, उचलतं. माझं अपाची त्या फ्लॅगांशिवाय कंपाइल झालेलं. पहारेकरी एपीआयची आवृत्ती विचारतो; कोणते फ्लॅग लावून कंपाइल केलं, हे विचारायची सोयच त्याच्याकडे नव्हती. जुन्या मशीनवर पर्ल ५.००५ होता. त्याच्या वेळी हा आधार मुळात चालूच नव्हता, म्हणून आमची चार वर्षं सुखात गेली.

वाटा दोन होत्या. अपाचीला मोठ्या फाइलींचे फ्लॅग द्यायचे, म्हणजे पीएचपीसकट सगळी मॉड्यूलं पुन्हा. नाहीतर पर्लच वेगळा कंपाइल करायचा. सरांना फोन केला. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘पीएचपी चालतंय ना? मग त्याला हात लावू नकोस.’’ मी मोठ्या फाइलींचा आधार बंद करणारा ‘-यूयूजलार्जफाइल्स’ देऊन पर्ल वेगळ्या डिरेक्टरीत कंपाइल केला. त्याच्यावर डेटाबेसशी जोडणारं डीबीआय, मायएसक्यूएल या डेटाबेसचा ड्रायव्हर आणि मॉड-पर्ल नव्याने चढवले. रात्री पावणेदोनला पान उघडलं. स्टॅट दोन्ही फ्रेममध्ये ८८ आहे, हे पुन्हा एकदा बघूनच दिवे घालवले.

सोमवार विनातक्रार गेला. मंगळवारी दुपारी व्यापाऱ्याकडून फोन आला, उधारीच्या तारखांचं पान उघडत नाही. पोटात गोळा आला. लॉग उघडला तर आत स्वच्छ लिहिलेलं : डेट-कॅल्क (तारखांचं गणित करणारं पर्लचं मॉड्यूल) सापडत नाही, अमुक अमुक ठिकाणी शोधलं. नव्या पर्लवर ते मॉड्यूल चढवायचं मी विसरलो होतो. ती ओळ मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला हाक मारून दाखवली. तिला कळेना, एरर बघून हा एवढा खूश का झालाय.