जुन्या गोळ्यांची पिशवी

“औषधे तर कोपऱ्यावरच्या केमिस्टकडेही मिळतात, मग डिस्चार्जच्या दिवशी तुम्ही फार्मासिस्ट खाटेजवळ येऊन नेमके काय करता?” हा प्रश्न मला रुग्णांचे नातेवाईक वरचेवर विचारतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सर्वांत आधी घरची पिशवी मागते. बीपीच्या, साखरेच्या, ॲसिडिटीच्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्यांनी भरलेली अशी पिशवी बहुतेक घरांत असते. डिस्चार्ज कार्डावर नवी औषधे लिहिलेली असतात, परंतु जुन्यांपैकी कोणती थांबवायची हे पुष्कळदा त्यावर नसते, आणि जिच्याविषयी कोणी काहीच सांगितले नाही ती गोळी माणूस इमानेइतबारे घेत राहतो. अँजिओप्लास्टी झालेल्या एका काकांना रक्ताची गुठळी होऊ न देणारी ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉल कमी करणारे ॲटोर्वास्टॅटिन ही तीन औषधे एकाच कॅप्सूलमधून सुरू केली होती. त्यांच्या पिशवीत ॲस्पिरिनची जुनी पट्टी निघाली, पण तिच्यावरचे नाव वेगळ्या कंपनीचे होते. नाव वेगळे म्हणजे औषध वेगळे, असे त्यांनी धरले होते, आणि यात त्यांचा काहीच दोष नव्हता, कारण आपल्याकडे एकच औषध कितीतरी नावांनी विकले जाते. दोन्ही घेतली असती तर रक्तस्रावाचा धोका वाढला असता. मी डॉक्टरांना फोन केला आणि जुनी गोळी बंद करण्याची सूचना त्यांनी कार्डावर लिहून दिली.

इन्सुलिनच्या बाबतीत मी अजिबात घाई करत नाही. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही प्रकारच्या कुप्या मिळतात. ४० साठीच्या सिरिंजचे टोपण लाल असते, १०० साठीच्या सिरिंजचे नारिंगी. १०० च्या कुपीतून ४० च्या सिरिंजने औषध ओढले, तर २० च्या खुणेवर २० ऐवजी ५० युनिट शरीरात जातात आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. “समजले ना?” या प्रश्नाला सगळेच मान हलवतात, म्हणून घरी इंजेक्शन जी व्यक्ती देणार, तिच्याच हातात मी सिरिंज देते आणि मात्रा भरून दाखवायला सांगते.

भारतातील २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये रुग्णाचे समुपदेशन हे फार्मासिस्टचे काम मानले आहे. प्रत्यक्षात मात्र बिल आणि मेडिक्लेमची मंजुरी यांतच सारा दिवस जातो, आणि कागद हाती पडतात तोवर गाडी खाली येऊन उभी असते. अशा वेळी पाच मिनिटांत सांगितलेले घरी पोहोचेपर्यंत लक्षात राहील, अशी अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते.

त्यामुळे तिसऱ्या दिवशी मी स्वतः फोन करते. एव्हाना केमिस्टकडे लिहून दिलेली गोळी न मिळाल्याने दुसऱ्या कंपनीची घेतलेली असते, आणि ती तीच आहे की नाही, या शंकेपायी कोणी ती घेणेच थांबवलेले असते. तेव्हा मी त्यांना पट्टी उलटी करून तिच्यावरचे बारीक अक्षरांतले मूळ औषधाचे नाव एकेक अक्षर वाचायला सांगते आणि माझ्या यादीशी ताडून पाहते.