चार रोपे आणि दोन पावसाळे

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आमच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत, काका उघडिपीची वाट पाहत होते. सुपारीचे घड कुजवणाऱ्या कोळेरोगाच्या दुसऱ्या फवारणीसाठी मोरचूद आणि चुना दोन वेगळ्या पिंपांत भिजवून ठेवला होता, पोफळीवर चढणारा पाडेली सकाळपासून ओसरीवर बसून होता, आणि पाऊस पोफळींच्या झावळ्यांवरून एकसारखा ओघळत होता. मी दोन वर्षांनी घरी आले होते. चहाचे दोन फेरे झाल्यावर काकांनी विचारले, "अगं, तुझ्या त्या शेजारणीची चार झाडं जगली का शेवटी?"

गेल्या वर्षी फोनवर बोलताना मी त्यांना त्या झाडांविषयी सांगितले होते. ती झाडे गांजाची होती, आणि माझी शेजारीण ती कॅनडाच्या कायद्याने दिलेल्या मुभेत, स्वतःच्या परसात, उघडपणे वाढवत होती. काकांना त्या गोष्टीचा धक्का बसला नव्हता. त्यांना प्रश्न पडला होता तो बागायतदाराला पडावा तसा. इतक्या पावसात आणि इतक्या सावलीत ते झाड तग कसे धरते, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्या दिवशी ओसरीवर जे बोलणे झाले ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण गोव्यातील अनेक परिचितांनी मला हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे.

मी राहते ते युक्लूलेट हे गाव व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. वर्षाकाठी तिथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे गोव्याच्या जवळपास. पहिल्यांदा तिथे पोचले तेव्हा दगडादगडावरचे शेवाळ, वाटेच्या दोन्ही बाजूंचे नेचे आणि घरात आठवडाभर न वाळणारे कपडे पाहून मला सत्तरीतल्या वाळपईची आठवण झाली होती. रेड सीडर, हेमलॉक आणि सिटका स्प्रूस या प्रचंड सूचिपर्णी वृक्षांची तिथली सावली मात्र आपल्याकडच्या सावलीपेक्षा वेगळी असते. ती वर्षभर तशीच गडद राहते. तिथला पाऊसही आपल्यासारखा उबदार चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही. तो ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत थंडीच्या सोबतीने पडतो, आणि उन्हाळा कोरडा असला तरी समुद्रावरून येणारे धुके किनाऱ्यावर इतके रेंगाळते की ऑगस्ट महिन्याला स्थानिक लोक 'फॉगस्ट' म्हणतात.

कायद्याचे थोडक्यात सांगते. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजाचा वापर प्रौढांसाठी कायदेशीर झाला. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वयाची १९ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला घरी लागवड करता येते, पण एका घरात चारपेक्षा अधिक झाडे चालत नाहीत, मग त्या घरात माणसे कितीही असोत. आणि ती झाडे रस्त्यावरून किंवा इतर सार्वजनिक जागेतून दिसता कामा नयेत. आपल्याकडे यातले काहीही लागू नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय गांजाचे झाड लावणाऱ्याला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गोव्यात २०२० च्या अखेरीस औषधी उपयोगासाठी नियंत्रित लागवडीचा प्रस्ताव चर्चेत आला होता, पण म्हणून घरामागे रोप लावायला कोणी मोकळे झालेले नाही. परदेशातून कोणी बी आणून देईल अशी आशा धरणाऱ्यांनाही सांगायला हवे की कॅनडाच्या सीमेपार ते नेणे हा तिथल्या कायद्याने गुन्हा आहे. कोणी हे वाचून इथे प्रयोग करावा असे मला मुळीच वाटत नाही. मला सांगायचे आहे ते त्या झाडाविषयी आणि पावसाविषयी.

शेजारणीने पहिल्या वर्षी चारही रोपे परसाच्या टोकाला, मोठ्या वृक्षांच्या कडेला लावली होती. रस्त्यावरून दिसू नयेत हा एक हेतू होता, आणि गांजा हे जंगलातील झाड आहे, त्याला तिथेच बरे वाटेल, हा दुसरा समज होता. हा समज मी गोव्यातही पुष्कळदा ऐकला आहे. प्रत्यक्षात हे झाड जंगलाचे नाही. ते मोकळ्या आभाळाखालचे, नदीकाठच्या गाळाचे, वस्तीजवळच्या खतावलेल्या जमिनीचे झाड आहे. त्याच्या पानाला भर दुपारच्या उन्हाइतका प्रकाश आणि ३० अंशांच्या आसपासची ऊब मिळाली तर ते सर्वांत जोमाने काम करते. दाट सूचिपर्णी जंगलात जमिनीपर्यंत सूर्यप्रकाशाचा जेमतेम काही टक्के भाग पोचतो. आपल्या कुळागरात माडाखाली पोफळ, पोफळीवर मिरीची वेल आणि तिच्या सावलीत अननस सुखाने नांदतात, कारण मिरी मुळातच झाडाच्या आधाराने, गाळून आलेल्या उजेडात वाढणारी वेल आहे. गांजाला तो गुण निसर्गाने दिलेला नाही. सावलीत त्याचे खोड उजेडाच्या शोधात उंच जाते, पेरे लांबतात, फांद्या लेच्यापेच्या राहतात आणि फुलोरा विरळ येतो. शेजारणीची रोपे तशीच झाली. जुलैअखेर ती माझ्या खांद्याला लागली होती आणि बोटभर जाडीचीही नव्हती.

त्यातून खरी अडचण पुढे आली, आणि ती समजण्यासाठी रात्रीची लांबी लक्षात घ्यावी लागते. गांजाच्या बहुतेक जाती रात्र मोठी होऊ लागली की फुलावर येतात. वाळपईत जूनमधला सर्वांत मोठा दिवसही तेरा तासांच्या आसपास असतो, त्यामुळे आपल्याला दिवसाच्या लांबीतील फरक फारसा जाणवत नाही. युक्लूलेट साधारण ४९ अक्षांशावर आहे आणि तिथला जूनमधला दिवस सोळा तासांचा असतो. तो आक्रसत जाऊन झाडाला फुलण्याची खूण मिळेपर्यंत ऑगस्ट उजाडतो, आणि फुलोरा पक्व व्हायला पुढे दोन महिने तरी लागतात. म्हणजे काढणी येते ती ऑक्टोबरमध्ये, नेमकी पावसाळ्याच्या तोंडावर. आपल्याकडचा शेतकरी पावसाच्या आरंभी पेरतो आणि पाऊस सरल्यावर कापतो. तिथे या झाडाच्या नशिबी उलटे आहे: कोरड्या दिवसांत वाढायचे आणि अंगावर सर्वांत नाजूक फुलोरा असताना पावसाला सामोरे जायचे.

त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सलग पाच दिवस पाऊस लागला. सहाव्या दिवशी शेजारणीने मला बोलावून घेतले. बाहेरून हिरव्यागार दिसणाऱ्या एका तुऱ्यातले एकच पान पिवळे पडले होते आणि हलकेच ओढताच ते निघून हातात आले. तुरा उकलला तर आतून तपकिरी, मऊ आणि करड्या धाग्यांनी भरलेला होता. ही बोट्रायटिस सिनेरिया नावाची करडी बुरशी होय. स्ट्रॉबेरी आणि द्राक्षे कुजवते ती हीच. गारवा आणि ओल तिला मानवतात, आणि दाट तुऱ्याच्या पोटात शिरलेले पाणी तासन्तास तिथेच राहिले की ती आतून बाहेर पसरते, त्यामुळे डोळ्यांना दिसेपर्यंत निम्मा तुरा गेलेला असतो. पानांवर पांढरी भुरी त्याआधीच आली होती. चारपैकी तीन झाडे त्या आठवड्यात उपटावी लागली, आणि चौथ्याचेही फारसे काही हाती लागले नाही. बुरशी लागलेला भाग बाजूला काढून उरलेले वापरण्याचा मोह लोकांना होतो, पण अशी फुले ओढणे फुप्फुसांना अपायकारक असते आणि ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे त्यांच्यासाठी तर धोक्याचे. शेजारीण ते झाड तिच्या सांध्यांच्या दुखण्यासाठी लावत होती. तिने सगळे पुरून टाकले, आणि त्या दिवशी तिचा चेहरा पाहताना मला कोळेरोगाने घडचे घड गळून पडलेल्या वर्षी ओसरीवर बसलेले आजोबा आठवले.

हे मी सांगत होते तेव्हा काका ऐकता ऐकता पावसाकडे पाहत होते. मग ते म्हणाले, "पाऊस किती पडला याला महत्त्व नाही. ओल किती वेळ टिकली, त्याला आहे. रात्री पडून सकाळी वाऱ्याने वाळला तर तो पाऊस झाडाचं काही बिघडवत नाही. झिमझिम पडत राहिला आणि वर ऊन नसलं, की मग घड सडतो."

मला वाटते की या विषयावर मी आजवर ऐकलेले सर्वांत नेमके वाक्य हेच आहे. सावली आणि पाऊस या दोन वेगळ्या अडचणी नाहीत. सावलीतल्या झाडावरचे पाणी वाळत नाही, वृक्षांच्या गर्दीत वारा फिरत नाही, आणि पाऊस थांबल्यावरही वरच्या फांद्यांवरून दोन-दोन तास थेंब गळत राहतात. त्यामुळे उघड्यावर तीन तासांत सुकणारा फुलोरा तिथे दिवसभर ओला राहतो. कोळेरोग फायटोफ्थोरा नावाच्या वेगळ्याच जिवाने होतो आणि त्याला आपला उबदार पावसाळा लागतो, पण बागायतदाराने करायचा विचार दोन्हीकडे एकच: ओल टिकू द्यायची नाही. म्हणूनच काही जण पावसाआधी पोफळीच्या घडांना प्लास्टिकची पिशवी बांधतात आणि कुळागरात वाढलेल्या आडव्यातिडव्या फांद्या मे महिन्यात उतरवतात. फरक इतकाच की सुपारीला मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण चालते. जे फूल पुढे धुराने थेट फुप्फुसात जाणार त्याच्यावर तसली फवारणी करता येत नाही. तिथे जागेची निवड आणि वेळेची निवड एवढी दोनच शस्त्रे उरतात.

आपल्या जुन्या लोकांना ही गोष्ट ठाऊक होती, याचा पुरावा इतिहासात आहे. १८९३-९४ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने जिथे जिथे परवान्याने गांजाची शेती होत असे त्या भागांची नोंद केली. मुंबई इलाख्यात ती होत असे अहमदनगरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात, मध्य प्रांतात खांडव्याकडे. पावसाच्या बंगालमध्ये नौगाव हे मोठे केंद्र होते, पण तिथले शेतकरी उंच जमीन निवडत, पावसाळा ओसरताना रोपे लावत आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत पीक काढत. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता, ब्रिटिश भारतात नव्हता. मात्र त्या आयोगाच्या सव्वातीनशे वर्षे आधी, १५६३ साली गोव्यातच छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात भांगेवर एक स्वतंत्र संवाद आहे. पणजीच्या चर्चसमोरच्या ज्या बागेत आपण संध्याकाळी टेकतो ती याच वैद्याच्या नावाची आहे.

दुसऱ्या वर्षी शेजारणीने जागा बदलली. घराच्या दक्षिणेला, जिथे उन्हाळ्यात सहा-सात तास ऊन मिळते अशा मोकळ्या पट्ट्यात, लाकडी कुंपणाआड तिने उंच गादीवाफे केले, कारण या झाडाच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही. सूचिपर्णी जंगलाची माती आम्लधर्मी असते, तिच्यात चुना मिसळला. वाफ्यांवर पारदर्शक छप्पर घातले आणि चारही बाजू उघड्या ठेवल्या. बाजू बंद केल्या असत्या तर पाऊस अडला असता, पण आतली दमट हवा कोंडून बुरशीचेच फावले असते. पोफळींच्या दोन ओळींत अंतर का ठेवायचे हे काकांनी मला लहानपणी शिकवले होते. तेवढे एकच मी तिला सांगू शकले, आणि तिने दोन झाडांमधले अंतर दुप्पट केले. बियाणे निवडताना तिने रात्रीच्या लांबीवर अवलंबून नसलेली, वयात आली की आपोआप फुलणारी ठेंगणी जात घेतली. उत्तरेकडच्या छोट्या उन्हाळ्यात रानोमाळ वाढणाऱ्या ज्या प्रकाराचे १९२४ साली रशियात रुडेरालिस असे नामकरण झाले, त्याच्यापासून हा गुण या जातींत आला आहे. उत्पन्न कमी मिळते, पण झाड ऑगस्टमध्येच काढणीला येते, पावसाच्या महिनाभर आधी.

धुक्याचा त्रास मात्र छपराने टळला नाही. धुके वरून पडत नाही, ते आडवे येते. ऑगस्टमधल्या काही सकाळी तुऱ्यांवर दवाचे थर दिसत आणि शेजारीण उजाडताच एकेक फांदी हाताने हलवून पाणी झाडून टाकत असे. गोगलगायींनी खालची पाने खाल्ली. एका झाडावर पुन्हा करडी बुरशी दिसली, तेव्हा तिने तो तुरा खाली निरोगी देठापर्यंत कापून लगेच बाहेर नेला आणि कात्री स्पिरिटने पुसली. बाकीची तीन झाडे पूर्ण पक्व झाली.

"म्हणजे तीन जगली," काका म्हणाले. मी हो म्हटले. त्यांनी छपराची उंची विचारली, पाणी कोणत्या बाजूने वाहून जाते ते विचारले, आणि पारदर्शक पत्रा आपल्या वादळात टिकेल का, याचा विचार करत राहिले. रोपवाटिकेतल्या मिरीच्या कलमांना दरवर्षी पावसाळ्यात मर लागते. त्या कलमांवर असे छप्पर घालून पाहावे असे त्यांच्या मनात आले होते. दुपारी अडीचच्या सुमारास म्हादईच्या बाजूचे आभाळ फाकले. पाडेली दोरी घेऊन उठला, काकांनी चुन्याच्या पिंपात मोरचुदाचे पाणी ओतायला घेतले आणि मला काठीने ढवळत राहायला सांगितले.