बॉडी अर्थ

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला काकाजींचा फोन आला. "बाबू, बोट बसली. चहा पिऊन ये, घाई नाही."

घाई नाही म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. कारण आठ दिवसांपूर्वी त्या बोटीचा पाणी उपसायचा पंप मीच बदलला होता.

माझं दुकान पवनीकडच्या रस्त्यावर आहे. ट्रॅक्टर, छोटा हत्ती, दुचाक्या, मळणी यंत्राची वायरिंग, हे माझं रोजचं काम. सेल्फ, डायनॅमो, कट-आउट डोळे मिटूनही उघडून देईन. बोटीचं काम मात्र आयुष्यात पहिलंच. काकाजी मुंबईला शिडाच्या बोटींवर बरीच वर्षं होते. निवृत्त झाल्यावर एक जुनी 26 फुटी फायबरची बोट ट्रेलरवर घालून गावी आणली आणि गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये सोडली. मासेमारी करणाऱ्या ढीवर मंडळींनी आधी हसून घेतलं, मग शीड उभं झालं तेव्हा डोंगे थांबवून पाहत बसले. काकाजींचे गुडघे गेलेत, बोटीच्या पोटात शिरता येत नाही, म्हणून मी.

काठावर पोचलो तर बोट एका अंगावर झुकून चिखलात टेकलेली. उथळ पाण्यात बांधली होती म्हणून वाचली. आत फळीपर्यंत पाणी. बॅटऱ्या बाकाखाली उंचावर, त्यांना चार बोटं कमी पडलं होतं. रात्रभर झड लागली होती, त्यात इंजिनाचा शाफ्ट जिथून बोटीबाहेर जातो त्या ग्लँडमधून थेंब थेंब येतंच. एवढं पाणी पंपाने झोपेत उपसायला हवं होतं.

बादल्यांनी उपसताना डोक्यात आलं, मोठा पंप लावू. बाजूच्या शेतात कृषिपंपाची पेटी होती. म्हटलं, "काकाजी, एक फेज घेतो, दुसरा तार जमिनीत ठोकतो. पाच मिनिटाचं काम." आमच्याकडं शेतातला बल्ब असाच पेटतो, सगळ्यांना माहीत आहे.

काकाजी पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "तू उभा कुठं आहेस?"

मी मांडीभर पाण्यात उभा होतो.

मग त्यांनी सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. समुद्राचं पाणी खारं, वीज त्यातून सहज पसरते. तळ्याचं गोडं पाणी विजेला तितकी वाट देत नाही, माणसाचं अंग त्याहून सोपं पडतं. म्हणून गोड्या पाण्यात लाइन उतरली की करंट माणूस शोधतो. हातपाय आखडतात, पोहता येत नाही, आणि लोक म्हणतात बुडून मेला. मी मुकाट्याने बादली उचलली.

दहा वाजता पोट मोकळं झालं. काकाजींनी मेन स्विच लावला आणि म्हणाले, पंपाची फ्लोट, म्हणजे पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा तरंगता स्विच, वर कर. केली. पंप चालू झाला, पण दम लागल्यासारखा.

"रात्री का नाही चालला मग?" मी विचारलं.

"रात्री मी मेन स्विच बंद करून घरी जातो ना."

झालं. पंपाचा प्लस मी मेन स्विचच्या पुढून घेतला होता. ट्रॅक्टरला रात्री बॅटरीचा स्विच बंद करतात, बॅटरी उतरू नये म्हणून. त्याच हिशेबाने हात चालला. बोटीत सगळं बंद करून माणूस गेला तरी हा एक पंप जागा राहिला पाहिजे. त्याचा वायर स्विचच्या अलीकडून, सरळ बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजसह. तो फ्यूजही बॅटरीच्या वीतभर अंतरात, नाहीतर मधला वायर घासला तर आग लागेपर्यंत कोणी अडवणारं नाही.

पण दम का लागला होता? काकाजींनी मल्टिमीटर हातात दिला. पंप चालू ठेवून बॅटरीवर 12.5 व्होल्ट, पंपाच्या तोंडाशी 10.4. दोन व्होल्ट वाटेत सांडत होते. मी प्लसकडं धावलो. ते म्हणाले, आधी मायनस बघ. एक काडी बॅटरीच्या मायनसवर, दुसरी पंपाच्या मायनसवर. चांगल्या वायरला इथं जवळपास शून्य यावं. आलं 1.6.

मायनस मी कुठून घेतला होता? इंजिनाच्या बोल्टवरून. ट्रॅक्टरमध्ये लोखंड दिसलं की तोच मायनस, वायर वाचतो. आम्ही त्याला बॉडी अर्थ म्हणतो. फायबरच्या बोटीला बॉडीच नाही. इंजिनाचं लोखंड पकडलं तर करंट गंजलेल्या बोल्टमधून वाट काढत बसतो. आणि जिथं धातू पाण्यात आहे, शाफ्ट, पंखा, तिथं चुकार करंट धातूच खात सुटतो. म्हणून बोटीत प्रत्येक वस्तूला दोन वायर, गेलेला करंट वायरनेच परत.

उरलेला अर्धा व्होल्ट प्लसच्या जोडात निघाला. मी पीळ देऊन काळी टेप गुंडाळली होती. टेप सोडली तर आत तांबं नव्हतंच म्हणा, हिरवा भुगा आणि तीन-चार केस. पाण्यात राहिलेला प्लसचा जोड आठ दिवसांत इतका झिजतो, हे मी हातात धरून पाहिलं.

काकाजींकडं कल्हई केलेल्या तांब्याच्या वायरचं भेंडोळं होतं. वायरच्या टोकांना थिंबल दाबून बसवले, आतून गोंद असलेली नळी गरम करून चढवली, जोड पाण्याच्या वर घेतला. तोवर ते समुद्रातल्या रात्रीचा हिशेब सांगत होते. नांगर टाकला की इंजिन बंद. फ्रिज चालू असताना चार-पाच अँपिअर ओढतो, वर डोलकाठीवरचा दिवा, रेडिओ. शंभर अँपिअर-तासाची बॅटरी असली तरी निम्मीच आपली समजायची. स्थिर असताना 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, त्याखाली रोज नेली की लवकर मरते. आणि इंजिन चालू करायची बॅटरी वेगळी, तिला दिव्यासाठी हात लावायचा नाही. "तिथं धक्का मारायला कोण येते, बाबू?"

चार वाजता परत मोजलं. पंपाशी 12.2. ते म्हणाले, अशा जिवावरच्या वस्तूला तीन टक्क्यांच्या आत घट चालते, हे बसलं. मग स्वतः मेन स्विच बंद केला आणि मला फ्लोट उचलायला लावली. पंप खणखणीत वाजला, पाण्याची धार डोंग्यावरच्या पोरांच्या अंगावर गेली.

मजुरी मी घेतली नाही. त्यांनी वायरचे पैसे लावले नाहीत. हिशेब फिटला की नाही, अजून दोघांनाही ठरवता आलं नाही.

परवा एक ट्रॉली आली, ब्रेक मारला की मागचा दिवा लुकलुकतो म्हणून. तिचा मायनस हुकाच्या पिनेतून येत होता. मी मागपर्यंत दुसरा वायर ओढला. मालक वाकून पाहत म्हणाला, "चेसिस असताना हा कायले जी?"

"राहू द्या भाऊ," म्हटलं, "वायरचे साठ रुपये होतील."