रडवणारं नको

रात्री पावणेतीनला उशाशी फोन थरथरला आणि पोटात गोळा आला. मैत्रिणीच्या बाबांची त्याच दिवशी बायपास झाली होती आणि ती आयसीयूबाहेर बसून होती. अशा वेळचा मेसेज उघडायलाही धीर लागतो. उघडला, तर एवढंच: "जागी आहेस? काहीतरी वाचायला पाठव ना. रडवणारं नको."

बाबा ठीक होते. अजून गुंगीत होते, पण डॉक्टर निर्धास्त होते. झोप उडाली होती ती हिची. शेजारच्या खुर्चीतले काका घोरत होते, भिंतीवरच्या टीव्हीवर आवाज बंद करून बातम्या चालल्या होत्या आणि हिच्या पर्समध्ये एक नावाजलेली, जाडजूड कादंबरी होती. "तुझा वेळ जाईल" म्हणून कुणीतरी प्रेमानं आणून दिलेली. "अकरा पानं झाली," तिनं लिहिलं, "अजून कोण कुणाचा मेहुणा तेच कळेना."

मला ते एकदम पटलं. घरात आजारपण असताना नवे पाहुणे नको वाटतात. नव्या पुस्तकातली माणसं तशीच. त्यांची नावं लक्षात ठेवा, गाव विचारा, स्वभावाचा अंदाज घ्या, आणि एवढं करून ती शेवटी कशी निघतील याची धाकधूक वेगळीच. तेवढी उमेद असती तर बाई रात्री तीनला मेसेज कशाला करील? अशा वेळी हवी असतात ती कडी न वाजवता आत येणारी, साखर कुठल्या डब्यात आहे हे ठाऊक असलेली माणसं. म्हणून मी तिला एक फॅनफिक पाठवली.

दुसऱ्याच्या गोष्टीतली पात्रं घेऊन चाहत्यांनी हौसेनं लिहिलेली नवी गोष्ट म्हणजे फॅनफिक. पैसे मिळत नाहीत, नाव बहुधा टोपणच असतं. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे तिचं एक मोठं कोठार, 2009 पासून स्वयंसेवकांच्या आणि वर्गणीच्या जोरावर चालतं. जाहिरात एकही नाही. 2019 साली त्याला विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या जगातला मानाचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला. तरीसुद्धा "मी फॅनफिक वाचते" म्हटलं की समोरचा असा बघतो, की जणू या वयात मी अजून भातुकली मांडते असं कबूल केलंय.

आम्हा दोघींचं जुनं वेड म्हणजे शेरलॉक होम्स. शाळेच्या वाचनालयातल्या फाटक्या मराठी अनुवादांपासूनचं. मूळच्या 56 कथा आणि 4 कादंबऱ्या, त्या कधीच संपल्या. म्हातारपणी होम्स ससेक्सला जाऊन मधमाश्या पाळतो, हे मुळातलंच आहे. पण 1926 साली आलेल्या एका कथेत तो स्वतःच सांगतो की या काळात त्याचा जिवलग मित्र वॉटसन जवळजवळ दृष्टीआडच झाला होता, कधीमधी शनिवार-रविवारी यायचा तेवढंच. वा रे वा! ज्यानं याच्यापायी पिस्तुलाची गोळीसुद्धा खाल्ली, तो आता सुट्टीचा पाहुणा? चाहत्यांना हे आजवर पचलेलं नाही. तेव्हापासून वॉटसनची ट्रंक उचलून ससेक्सच्या त्या घरी किती जणांनी नेऊन ठेवली असेल, त्याची गणती नाही.

मी पाठवली ती त्यातलीच एक. बारा भाग, आणि बाराही भागांत काही म्हणजे काही घडत नाही. खून नाही, धुक्यातली बग्गी नाही. छप्पर गळतं. वॉटसनचा गुडघा दुखतो. मार्मालेडची बरणी कुणी संपवली यावर एक अख्खं प्रकरण आहे. होम्सनं मधाच्या पेट्यांना स्कॉटलंड यार्डच्या इन्स्पेक्टरांची नावं ठेवली आहेत, त्यामुळे "लेस्ट्रेड आज फार चिडलाय, तिकडं जाऊ नकोस" अशी वाक्यं दोघं गंभीर चेहऱ्यानं बोलत असतात.

हॉस्पिटलात नेटवर्कची बोंब होती. पण त्या कोठारात प्रत्येक गोष्ट फाइल म्हणून उतरवून घेता येते, तेव्हा ईपब काढून व्हॉट्सॅपवर टाकली. पाचच्या सुमाराला उत्तर आलं: "लेस्ट्रेड चावला वॉटसनला!!" पुढं हसण्याचे तीन पिवळे चेहरे. मग साडेसातपर्यंत काहीच नाही. झोपली असणार.

ही निवड एका फटक्यात जमली असं वाटत असेल तर तसं नाही. त्याआधी मी दोन मैत्रिणींचे शाप घेतले आहेत.

एकीची नोकरी गेली होती. तिला मी एक प्रचंड लांब प्रेमकथा दिली, 'स्लो बर्न' म्हणतात तसली, म्हणजे चाळीस प्रकरणं नुसती नजरानजर. बाईनं पाच दिवसांत 42 प्रकरणं संपवली आणि मला फोन केला. नायक स्टेशनवर उभा आहे, गाडी सुटतेय, आणि खाली लेखिकेची टीप: पुढचा भाग लवकरच. टीप आठ वर्षांपूर्वीची. गोष्टीच्या माथ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, 42 भागिले प्रश्नचिन्ह. 42 झाले, एकूण किती ते लेखिकेलाही माहीत नाही. तो प्रश्नचिन्हाचा आकडा मी बघितलाच नव्हता. "नोकरीसारखंच झालं," ती म्हणाली, "काही न सांगता मध्येच बंद."

दुसरीचा कुत्रा गेला होता. तिच्यासाठी निवडलेल्या गोष्टीवर लिहिलं होतं की लेखकानं धोक्याच्या सूचना न देण्याचं ठरवलं आहे. मी समजले, द्यायला काही नसेल. त्याचा खरा अर्थ असा की आत काहीही असू शकतं, तुमचं तुम्ही बघा. सहाव्या प्रकरणात कुत्रा मेला. प्रमुख पात्राच्या मृत्यूची सूचना द्यायची सोय तिथं आहे, पण कुत्र्याला प्रमुख पात्र कोण धरतो? मी धरायला हवं होतं.

तेव्हापासून टॅग वाचल्याशिवाय मी काही पुढं पाठवत नाही. प्रत्येक गोष्टीवर या चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. 'फ्लफ' म्हणजे निव्वळ कापूस, कुठं टोचणार नाही. 'अँग्स्ट' म्हणजे नाकातोंडात पाणी. 'हर्ट-कम्फर्ट' हा माझा लाडका प्रकार. आधी पात्राला सडकून ताप आणायचा आणि मग दुसऱ्यानं रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवायच्या. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. स्वतः आजारी असलेल्याला तो आवडतो, उशाशी बसलेल्याला नाही. ती बिचारी दिवसभर तेच करत असते. आणि एक टॅग आहे, 'सगळे जगतात, कुणीच मरत नाही'. मूळ कथेत मेलेलेसुद्धा इथं जेवायला हजर. कुठल्या पुस्तकाच्या दुकानात असा कप्पा असतो सांगा.

तर, बाबा. चौथ्या दिवशी त्यांना खोलीत आणलं. लेक फोनकडं बघून गालात हसतेय हे त्यांनी पाहिलं आणि विचारलं, काय गं? तिनं सांगितलं. दुसऱ्याच्या माणसांवर लोक आपणच गोष्टी रचतात, हे त्यांना जरा चमत्कारिक वाटलं. "चालतं का असं?" तेव्हा सफरचंद चिरणाऱ्या काकू मान वर न करता म्हणाल्या, "न चालायला काय झालं? माझी आजी जात्यावर सीतेच्या वनवासाच्या ओव्या म्हणायची. त्यात सीता काय बोलायची ते काय वाल्मीकींना विचारून?" बाबा गप्प. सफरचंदाची फोड मिळाली ती त्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

मग तिनं त्यांना गोष्ट वाचून दाखवायला घेतली, चालता चालता मराठी करून. बाबा जन्मभर बँकेत, पण बालपण महाबळेश्वरच्या बाजूला, मामाच्या घरी गेलेलं. मांघरला 'मधाचं गाव' म्हणून 2022 साली नाव मिळालं, पण त्या पट्ट्यात घरोघरी पेट्या त्याच्या कितीतरी आधीपासूनच्या. मामाकडं सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या सहा पेट्या होत्या. त्यामुळे पहिले आठ भाग बाबा मजेत ऐकत होते. नवव्यात, जानेवारीतल्या एका सकाळी, होम्स वॉटसनला राणीमाशी दाखवायला पेटीचं झाकण उघडतो.

"थांब," बाबा म्हणाले. "केव्हा उघडली?"

"जानेवारीत."

"इंग्लंडात? येडा आहे का तो? थंडीत सगळ्या एकमेकींना बिलगून ऊब धरून बसलेल्या असतात. झाकण काढलंस की गेली ऊब. एवढा मोठा डिटेक्टिव्ह आणि एवढं कळत नाही?"

"मग काय करायचं?"

"कान लावायचा पेटीला. गुणगुण ऐकू आली की आहेत जिवंत. पुरे."

हे तिनं इंग्रजीत लिहून गोष्टीखालच्या अभिप्रायात टाकलं, बाबांच्या वतीनं, छातीवर ताजे टाके असल्याच्या उल्लेखासकट. मला तर भीती वाटली. चूक दाखवलेली सगळ्यांनाच रुचते असं नाही. फुकट लिहिणाऱ्यांना तर मुळीच नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी लेखिकेचं उत्तर आलं, आणि पाठोपाठ नववा भागच बदलला. आता जानेवारीच्या त्या सकाळी होम्स झाकणाला हात लावत नाही. वॉटसनला गारठलेल्या गवतात गुडघे टेकायला लावतो, दुखरा गुडघा धरून, आणि पेटीला कान लावायला सांगतो. वॉटसन ऐकतो. डॉक्टर माणूस, छातीला कान लावायची सवय आयुष्यभराची. म्हणतो, "सुरू आहे." प्रकरणाच्या शेवटी टीप: एका वाचकाच्या वडिलांचे आभार, लवकर बरे व्हा.

बाबांनी ते दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, गवतात गुडघे कशाला, पेटी स्टँडवर ठेवायची असते, मुंग्या लागतील. आणि आपल्याच बोलण्यावर हसायला लागले. हसले तशी छातीत कळ आली. खोकला आला की छातीशी घट्ट धरायला हॉस्पिटलनं दिलेली उशी असते, ती काकूंनी धावत जाऊन दिली.

परवा तिचा मेसेज आला. आता रात्री नाही, दुपारी, जेवणं झाल्यावर. "ती संपली. बाबा दुसरी मागतायत. हसवणारी नको, टाके दुखतात."

गेला तासभर मी शोधतेय. रडवणारी नको, हसवणारी नको, प्रश्नचिन्ह नको. आणि माश्या असतील तर ऋतू बघून.