तुम्ही विचारलंत म्हणून: जंतू मरतात, मग हात कसा वाचतो?

उजेड पडला की आपल्यावर बसलेले जंतू मारणाऱ्या पॉलिमरवर, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंच्या प्लास्टिकसारख्या पदार्थावर, मी काम करते, हे कळलं की त्याला लागणाऱ्या हाताबद्दल हा प्रश्न हमखास येतो. विचारायलाच हवा असा प्रश्न आहे.

या पॉलिमरमध्ये मेथिलीन ब्लूसारखं एखादं रंगद्रव्य बसवलेलं असतं. ते उजेड शोषतं आणि मिळालेली ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देऊन टाकतं. त्यातून तयार होतो सिंग्लेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचंच जास्त ऊर्जेचं रूप, अतिशय आक्रमक. मात्र ओलाव्यात त्याचं आयुष्य जेमतेम 3-4 मायक्रोसेकंदांचं. तेवढ्यात तो मायक्रोमीटरचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा) काही दशांश भागच पुढे सरकतो. पृष्ठभागाला चिकटून बसलेला, 1-2 मायक्रोमीटरचा जिवाणू त्याच्या तावडीत सापडतो. आपल्या त्वचेवर मृत पेशींचाच थर 10-20 मायक्रोमीटरचा असतो. तो ओलांडून आतल्या जिवंत पेशींपर्यंत पोचणं त्याला जमत नाही.

पण हे सगळं रंग जागेवर राहिला तरच. तो सुटून बाहेर आला, तर कुठवर जाईल याचा भरवसा नाही. म्हणून मी या पॉलिमरच्या पातळ पापुद्र्याचा, म्हणजे फिल्मचा, तुकडा रात्रभर पाण्यात ठेवते आणि सकाळी ते पाणी पांढऱ्या कागदापुढे धरते. किंचित जरी निळसर झाक दिसली, तरी ती फिल्म बाद. यंत्रावर मोजमाप नंतर होतंच, पण माझा जीव त्या कागदापाशी अडकलेला असतो. रंगाचा रेणू पॉलिमरच्या साखळीलाच रासायनिक बंधाने जोडण्याचा खटाटोप आम्ही करतो तो यासाठीच.

कल्पना तशी जुनी. 1900 मध्ये म्युनिकला ऑस्कर राब या वैद्यकीय विद्यार्थ्याने नोंदवलं, की ॲक्रिडीन या रंगात ठेवलेले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव उजेडात मरतात आणि अंधारात तगतात. आजही आमच्या प्रत्येक प्रयोगात एक डिश काळ्या कागदात गुंडाळून ठेवलेली असते. ती उघडली की तीच फिल्म, तेच जिवाणू, आणि ठिपक्यांसारख्या वसाहतींची दाटी. उजेडातली डिश मात्र स्वच्छ. कितीदाही पाहिलं तरी मला भरून येतं, कारण हा मारा जिवाणूचं आवरण, प्रथिनं, डीएनए अशा सगळ्यांवर एकदम होतो. त्यामुळे अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणूही याने मरतात, आणि याला प्रतिकार उभा करणं त्यांना फार जड जातं.

“मग पुसायची गरज नाही ना?” हा पुढचा प्रश्न. आहे, रोज आहे. धुळीचा, तेलकटपणाचा थर बसला की उजेड रंगापर्यंत पोचत नाही, आणि त्या थरावर बसलेला जिवाणू सिंग्लेट ऑक्सिजनच्या टप्प्याबाहेर राहतो.