फाइल एकच, मग सहाच मशीन का अडल्या?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सोलापुरात मी कॉलेजांच्या लॅब लावून देतो हे कळलं की हा प्रश्न येतोच: "सगळ्या मशीन एकसारख्या, किकस्टार्टची फाइल एकच. मग नेटवर्कवरून लिनक्स टाकताना काही मशीनच का अडतात?" किकस्टार्ट म्हणजे लिनक्स आपोआप कसं टाकायचं ते लिहिलेली फाइल.

मी उलट विचारतो, नेमकी कुठं अडली? "होत नाही" एवढ्यावर काही कळत नाही. मशीनला नेटवर्कवरून सुरू करणारी सोय म्हणजे पीएक्सई. स्क्रीनवर तिचा एरर पीएक्सई-ई५१ असेल तर आयपी पत्ता वाटणाऱ्या डीएचसीपीकडून उत्तरच आलं नाही. ई५३ असेल तर आयपी मिळाला, पण बूट फाइलचं, म्हणजे सुरू व्हायला लागणाऱ्या फाइलचं, नाव नाही. अशा वेळी मी आधी लॅनमध्ये कुणी स्वतःच आयपी वाटणारा वायफाय राउटर खुपसलाय का ते शोधतो. राउटर सापडतो, लावणारा कधीच सापडत नाही. ई३२ म्हणजे बूट फाइल पाठवणारं टीएफटीपी गप्प, मग सर्व्हरची फायरवॉल आणि टीएफटीपीचा पोर्ट यूडीपी ६९ बघायचं.

हे आकडे दिसले तर सोपंच. मे महिन्यात एका लॅबमध्ये ते दिसलेच नाहीत. पंखे गरम हवा फेकत होते, चाळीसपैकी चौतीस मशीन झाल्या आणि सहांवर कर्नल (लिनक्सचा गाभा) यायचा, पुढं किकस्टार्ट फाइल काही मिळायची नाही. दोन तास मी फाइलच वाचत बसलो. मग सर्व्हरचा लॉग उघडला. त्या सहांची डीएचसीपीकडची पहिली मागणी, पीएक्सईची, त्यात होती; दुसरी, लिनक्स टाकणाऱ्या इन्स्टॉलरची, आलेलीच नव्हती.

सहाही मशीन खिडकीकडच्या रांगेत, आणि ती रांग एका जुन्या मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचवर. कर्नलनं नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लोड केला की लिंक क्षणभर पडते. स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये वेटोळं होऊ न देणारी सोय) चालू असेल तर लिंक परत आल्यावर तो पोर्ट पंधरा अधिक पंधरा, तीस सेकंद अडवून धरतो. बायोसमधलं पीएक्सई चिवट असतं. चार, आठ, सोळा, बत्तीस सेकंद थांबत परत परत मागतं, म्हणून ते निभावलं. इन्स्टॉलरनं त्याआधीच हात टेकले.

त्या पोर्टांवर पोर्टफास्ट, म्हणजे ही तीस सेकंदांची अडवणूक टाळणारी सेटिंग, लावलं आणि सहाही मशीन एकदम सुरू केल्या. पॅकेजेस उतरताना बघून लॅब असिस्टंट म्हणाला, "म्हणजे सर, फाइल बरोबरच होती की!"