नोव्हेंबर राहू द्या, कादंबरी मे महिन्यात लिहा

एका महिन्यात ५०,००० शब्दांची कादंबरी लिहायची, त्या चॅलेंजला नॅनोरायमो म्हणतात. १९९९ मधे सॅन फ्रान्सिस्कोकडच्या क्रिस बेटीने २१ जण गोळा करून सुरू केलं, आणि गंमत म्हणजे पहिल्या वर्षी ते जुलैत झालं होतं, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात नेलं, का तर तिकडे नोव्हेंबरात हवा इतकी बेकार की माणूस आपोआप घरात बसतो. हे वाचलं आणि माझी ट्यूब पेटली.

कारण आमच्या खान्देशात नोव्हेंबर म्हणजे वर्षातला सगळ्यात भारी महिना! दिवाळीचा फराळ संपत नाही तोवर तुळशीचं लग्न, कापूस वेचायला मजूर मिळत नाही म्हणून घरचे सगळे वावरात, आणि जरा थंडी पडली की रोज कोणाच्या तरी मळ्यात भरीत पार्टी. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली जातायत, कळण्याच्या भाकरी येतायत, आणि हे सोडून घरी जाऊन लॅपटॉप उघडणारा माणूस मला दाखवाच.

मग आमच्याकडे हवा बेकार कधी? मे महिन्यात. जळगाव-भुसावळला पारा ४५ पर्यंत जातो, आमच्या अमळनेरलाही काही थंडावा नसतो, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. लग्नं असतात, मान्य, आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी येतात तेही मान्य, पण १ ते ४ सगळं गाव दार लावून पडलेलं असतं. माझं खत-बियाण्याचं दुकान, त्या वेळात शटर अर्धं खाली. बसलो मग लिहायला. परवानगी तरी कोणाची घ्यायची, ते चॅलेंज चालवणारी संस्थाच २०२५ मधे बंद झाली.

मे ला ३१ दिवस, म्हणजे रोजचे साधारण १,६१३ शब्द. नोव्हेंबरात ते १,६६७ पडतात, तेवढाच डिस्काउंट. पण हा आकडा ठरवला इंग्रजीवाल्यांनी, आपल्याकडे 'च्यासाठी', 'मधून' सगळं शब्दालाच चिकटतं, त्यामुळे तेवढ्याच मजकुरात आपले शब्द कमी भरतात. म्हणून मी सरळ ४०,००० धरले. कोणाला ही चीटिंग वाटत असेल तर वाटो.

आता रोज बसायचं कसं, खरा प्रश्न तो आहे. मूड यायची वाट बघायची नाही हे सगळेच सांगतात, मला जास्त उपयोग झाला तो एका फालतू वाटणाऱ्या गोष्टीचा: उठताना वाक्य अर्धवट सोडायचं. "तात्यांनी सातबारा काढला आणि" इथेच बंद. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या स्क्रीनकडे बघत बसायची वेळच येत नाही, तात्यांनी पुढे काय केलं ते लिहायला हात आपोआप चालतात. आणि मागचं वाचायचं नाही. वाचलं की खोडावंसं वाटतं, खोडलं की तास गेला. जिथे माहिती नाही तिथे कंसात 'लग्नाचं जेवण नंतर टाकू' लिहून पुढे.

लाईट जाणार हे गृहीतच धरा. कूलर बंद, वायफाय बंद, मग फुलस्केप वही. माझ्या अक्षरात पानाला दोनेकशे शब्द बसतात, त्यामुळे मोजत बसावं लागत नाही. व्हॉइस टायपिंग पण करून बघितलं, पण कूलरच्या घरघरीत माझ्या नायिकेचं नाव दर वेळी वेगळं उमटायचं. आजी दारातून विचारायची, "काय लिखी ऱ्हायना रे भाऊ इतलं?" हिशोब म्हटलं की ती खूश.

एखादा दिवस बुडाला तर तो एका बैठकीत भरून काढायच्या भानगडीत पडू नका. पुढच्या आठवड्यावर थोडा थोडा वाटून टाका. एका दमात तीन-साडेतीन हजार लिहिलं की दुसऱ्या दिवशी लिहायची नुसती आठवण आली तरी अंगावर काटा येतो.

आणि "एवढ्या घाईत लिहिलेलं काय चांगलं असणार" म्हणणाऱ्यांना मी आमच्याच गावच्या हायस्कुलात मास्तर असलेल्या साने गुरुजींचं उदाहरण देतो. 'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरू केली आणि १३ तारखेच्या पहाटे तिथलं लिखाण संपवलं, तेही दिवसा तुरुंगातलं काम करून. आपण गुरुजी नाही, ठीक आहे, पण आपल्याला पूर्ण महिना आहे. (तुरुंगात लग्नपत्रिका येत नाहीत हा मुद्दा बायकोने काढला, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.)

सगळ्यात अवघड तिसरा आठवडा. सुरुवातीचा जोश संपलेला, शेवट दिसत नाही, आणि नेमकी तेव्हाच कापसाच्या बियाण्याची चौकशी सुरू होते, भर दुपारी लोक शटर वाजवतात. मी काय केलं, कथेतही एक बियाण्याचा दुकानदार घुसवला. गिऱ्हाईक जे बोललं ते रात्री तसंच्या तसं अहिराणीत उतरवायचं. कादंबरीतला सगळ्यात जिवंत भाग तोच झालाय असं माझं मत, बाकी प्रेमप्रकरण वगैरे जरा ओढूनताणूनच आहे.

आता पहिला खर्डा फोल्डरमधे पडलाय. पेरण्या, मग खताची गर्दी, त्यामुळे पोळा होईपर्यंत मी त्याला हात लावणार नाही. तोवर कोणी वाचायला मागू नका, देणार नाही.